जाड, पातळ आणि वीस रिकाम्या पेट्या

आमच्या सरांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची होती, जाड आणि पातळ. याचा अंगकाठीशी काही संबंध नव्हता. सर स्वतः चांगले भरलेले होते, बसले की खुर्ची कुरकुरायची, तरी ते स्वतःला पातळ समजत. आणि आमच्या संस्थेचे अध्यक्ष, ज्यांचा सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा, ते सरांच्या लेखी गोंदिया जिल्ह्यातले सगळ्यांत जाड गृहस्थ होते.

हे तत्त्वज्ञान त्यांनी कॉम्प्युटरवरून काढलं होतं. गोंदियाहून मुर्रीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं छोटं कॉलेज होतं. तिथं कॉम्प्युटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालायचा. सर प्रयोगशाळेचे प्रमुख, आणि मी तासिका तत्त्वावर शिकवणारा, म्हणजे घंटा झाली की अस्तित्वात येणारा आणि घंटा झाली की नाहीसा होणारा प्राध्यापक. पाठ्यपुस्तकात ‘थिक क्लायंट’ आणि ‘थिन क्लायंट’ यांतला फरक सांगायला दोन पानं आणि एक तक्ता होता. सर तक्ता ओलांडून पुढे जायचे.

“हे पाहा,” पहिल्या तासाला ते सांगायचे, “जाड कॉम्प्युटर म्हणजे खोली करून राहणारा पोरगा. स्टो त्याचा, कुकर त्याचा, तांदूळ त्याचे, अन् भात जळला तं भांडंही त्याचंच. पातळ म्हणजे खानावळीत जेवणारा. ताटावर बसते, वाढलं ते खाते, हात धुऊन उठते. आता सांगा, सुखी कोन?”

“खानावळवाला!” वर्ग ओरडायचा.

“अन् खानावळवाली बाई माहेरी गेली तं?”

उत्तर सर स्वतःच द्यायचे.

“तं सगळ्यायले उपास. लिहून घ्या. फायदा झाला, तोटाही झाला.”

मुलं खरंच लिहून घ्यायची आणि परीक्षेत तसंच्या तसं उतरवायची. बाहेरगावच्या एका परीक्षकांनी मला एकदा विचारलं होतं की तुमच्याकडे कॉम्प्युटरच्या अभ्यासक्रमात स्वयंपाक केव्हापासून आला. मी म्हणालो, उत्तर चूक असेल तर गुण कापा. त्यांनी उत्तर पुन्हा वाचलं आणि गुण कापले नाहीत.

पातळ कॉम्प्युटर ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वहीएवढी डबी असते, मॉनिटरच्या पाठीला अडकवलेली. तिच्यात साठवायला जागा नाही, स्वतःचं म्हणावं असं डोकं फारसं नाही, पंखाही नाही. विद्यार्थी जे टाइप करील ते ती दुसऱ्या खोलीतल्या मोठ्या सर्व्हरकडे पोचवते आणि सर्व्हर जे सांगेल ते पडद्यावर दाखवते. आमच्याकडे अशा वीस डब्या होत्या आणि सर्व्हर एक.

सर हा नियम स्वतःला लावून जगायचे. त्यांच्याजवळ घड्याळ नव्हतं, पेन नव्हता, आणि शिपायाजवळसुद्धा मोबाइल आला त्या काळात मोबाइलही नव्हता. वेळ ते शिपायाला विचारत, तारीख मला, आणि पेपर चौकातल्या न्हाव्याकडे वाचत. “जे शेजाऱ्याजवळ आहे ते आपल्याजवळ कायले?” असं त्यांचं म्हणणं. एकदा पोटात दुखतं म्हणून त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून दुखतंय? सरांनी आपल्या बायकोकडे, म्हणजे आमच्या काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, “मंगळवारपासून.” डॉक्टरांनी विचारलं, डावीकडे की उजवीकडे? सरांनी पुन्हा काकूंकडे पाहिलं.

“हे मले कसं समजन?” काकू भडकल्या. मग डॉक्टरांना म्हणाल्या, “माह्या बाबानं मले यायच्या घरी पाठवलं, अन् यायनं आपलं डोकं माह्याकडे पाठवून देलं. तवापासून दोन्ही मीच सांभाळून राहिली.”

मी त्यांच्या हिशेबी जाड. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत डायरी, दोन पेन, टॉर्च, छत्री आणि डोकेदुखीच्या गोळ्या असत. मी वर्गात कुणावर चिडलो की सर दारातून म्हणत, “भाऊ, तुम्ही जाडवाले लोक लवकर तापता. पंखा लावा.” ही थट्टा ज्या वस्तूंच्या जोरावर चालायची त्या माझ्याच पिशवीतून जात, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, “मंग? खानावळीत वाढणारंही कोणीतरी लागते ना.”

डब्या यायच्या आधी आमच्याकडे आठ जाड कॉम्प्युटर होते, आणि ते गेले कशानं हे सांगितल्याशिवाय सर समजायचे नाहीत. अध्यक्षांची राइस मिल कॉलेजच्या भिंतीला भिंत लावून होती. मिल सुरू झाली की हवेत भुसा उडायचा. जाड कॉम्प्युटरच्या पोटात पंखा असतो आणि तो बाहेरची हवा आत ओढतो. आमची बाहेरची हवा निम्मी धानाची होती. दर महिन्याला सर पेट्या उघडून ओंजळ ओंजळ भुसा काढायचे आणि मुलांना दाखवायचे, “पाहा, याले म्हणतात डेटा साठवणे.” त्यात लाइन, म्हणजे वीज, जायची. तेव्हा दिवसाचे कितीतरी तास लाइन नसायची. आठ पेट्यांच्या आठ बॅटऱ्या एका सुरात कुईंकुईं करायच्या आणि दहा मिनिटांत माना टाकायच्या. मुलं पाढे म्हटल्यासारखी कीबोर्डवरच्या कळांची नावं पाठ करायची, कारण बाकी करण्यासारखं काही नसायचं.

नागपुरातल्या कुठल्याशा बंद पडणाऱ्या कचेरीतून सरांनी वीस डब्या आणि चपटे मॉनिटर उचलून आणले. पंखा नाही म्हणून भुशाची भीती नाही. वीज इतकी कमी खातात की एका इन्व्हर्टरवर सगळा वर्ग चालतो. सर्व्हर त्यांनी मिलपासून सर्वांत लांबच्या खोलीत ठेवला आणि खिडकीच्या फटी जुन्या चादरीनं बुजवल्या. त्यानंतर लाइन गेली तरी आमच्या वर्गाला पत्ता लागायचा नाही. डोक्यावरचा पंखा थांबला की मुलं घाम पुसायची आणि टाइप करत राहायची.

अध्यक्षांना मात्र डब्या पाहून धक्काच बसला. प्रयोगशाळेच्या दारावर त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी होती, आणि पाटीच्या मानानं आतला माल फार लहान होता. दसऱ्याला ते पूजेला आले, बरोबर वीस हार आणि एक फोटोग्राफर. पहिल्या डबीला हार घातला तर डबी दिसेना. फुलांचा एक ढीग मॉनिटरमागे लोंबकळत होता.

“सर, इसमें फोटो क्या आएगा? गंध-कुंकू लावू कुठं?” अध्यक्ष म्हणाले.

“सर्व्हरले लावा,” सर शांतपणे म्हणाले. “वीसहीजणायले पोचते.”

या डब्यांनी आणखी एक गोष्ट केली, तिचं कौतुक कुणी केलं नाही. जाड कॉम्प्युटर होते तेव्हा कूलरसमोरचं यंत्र एका किराणा व्यापाऱ्याच्या मुलाचं ठरलेलं होतं. त्याचं काम त्यात साठवलेलं, म्हणून तो तिथंच बसणार. मुर्रीहून सायकलनं येणाऱ्या मुली उशिरा पोचायच्या, त्यांच्या वाट्याला मिलच्या भिंतीकडचं, सतत ठसकणारं यंत्र यायचं. आता कुणाचंच काम कुठल्याच डबीत नव्हतं. ज्या खुर्चीवर बसून नाव टाकाल तिथं तुमचं काम हजर. सरांनी दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं, “आजपासून जागा कोनाची नाही. जो आधी येईन तो कूलरपाशी.” व्यापाऱ्याच्या मुलानं तक्रार केली, “सर, मेरा कॉम्प्युटर...” सर म्हणाले, “तुझा होता कवा? तू त्याचा होता.”

खानावळवाली माहेरी जाण्याचा प्रसंगही एकदा आला. सर्व्हर बंद पडला आणि वीसच्या वीस पडदे एका क्षणात काळे झाले. जाड असते तर एक बिघडला असता, एकोणीस चालले असते. मी हे बोलून दाखवलं, कारण असा मोका वारंवार येत नाही. तीन दिवस सर सर्व्हरच्या खोलीत आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे बसून होते. मुलं डोकावून दबक्या आवाजात विचारायची, “काही खाल्लं का?” चौथ्या दिवशी नागपूरहून एक भाग आला, सर्व्हर उठला, आणि सरांनी वर्गात येऊन फळ्यावर लिहिलं, ‘तोटा – प्रात्यक्षिकासह’.

पुष्कळ वर्षांनी ते मला सडक अर्जुनीला भेटले. मुलीकडे राहत होते. हायवेवरच्या एका ढाब्याबाहेर खाटेवर बसून मुलीनं जबरदस्तीनं हातात दिलेला मोबाइल उलटसुलट करत होते. फोटो कुठं साठतात हे त्यांनी ढाबेवाल्याच्या मुलीला विचारलं होतं आणि तिनं ‘क्लाउडमध्ये’ म्हणत आकाशाकडे बोट दाखवलं होतं. “म्हणजे दुसऱ्या खोलीत,” सर मला म्हणाले. “हेच तं मी बोंबलून राहिलो होतो. सगळं जग पातळ झालं, भाऊ. मले कोनी विचारलंही नाही.”

पण माझ्या आठवणीतले सर म्हणजे तपासणीच्या दिवसाचे सर.

आमच्या अभ्यासक्रमाची मान्यता संपत आली होती आणि ती वाढवायची की नाही हे ठरवायला समिती येणार होती. मान्यता गेली असती तर माझी घंटा कायमची वाजली असती, पण ते सोडा. दुसऱ्या वर्षाला एकोणीस मुलं-मुली होती. त्यांना शेवटची परीक्षा इथून देता आली नसती, नागपूर गाठावं लागलं असतं. त्यात मुर्रीची सुजाता होती. आई बिड्या वळायची, वडील राइस मिलमध्ये पोती उचलायचे. नागपूरचं नाव निघालं तेव्हा तिनं सरळ सांगितलं होतं, “सर, नागपूरले घरचे नाही पाठवत. इथं झालं तं झालं, नाही तं मी आईसंगं बिड्या वळीन.” हे ती रडून सांगत नव्हती. बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगत होती.

समितीच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता: संगणकांची संख्या, किमान वीस. अध्यक्षांनी तो वाचला आणि त्यांना घाम फुटला. समितीला डब्या कॉम्प्युटर वाटल्या नाहीत तर? दोन दिवस आधी मिलच्या ट्रॅक्टरमधून वीस पेट्या आल्या. गोंदियातल्या भंगारवाल्याकडून आणलेल्या जाड कॉम्प्युटरच्या पेट्या, आतून पूर्ण रिकाम्या. प्रत्येक मॉनिटरशेजारी एकेक ठेवायची आणि मागे एक वायर चिकटवून द्यायची, असा बेत.

“खोटं बोलायचं तं माणसानं बोलावं,” सर म्हणाले. “पेट्यायले कायले कामाले लावता?”

“सर, आप टेन्शन मत लो,” अध्यक्ष म्हणाले. “समिती मोजेल, जेवेल, जाईल. तुम्ही फक्त गप्प राहायचं. एक शब्द नाही. एकोणीस पोरांचा सवाल आहे.”

सरांनी एका रिकाम्या पेटीवर टिचकी मारली. “बरं,” ते म्हणाले. “मी नाही बोलत.”

वायरी मी चिकटवल्या. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण सेलोटेप माझ्याच पिशवीतली होती.

समितीत दोघं होते. एक सफारीतले वयस्कर गृहस्थ आणि नागपूरच्या एक मॅडम. सफारीवाल्यांनी दारातच पेनाच्या टोकानं पेट्या मोजल्या. वीस भरल्या. त्यांनी रकान्यावर पेन टेकवला आणि जेवण कुठल्या हॉलमध्ये आहे ते विचारलं. मॅडम मात्र रांगेतून चालू लागल्या. मुलं टाइप करत होती. सुजाता दाराजवळच्या पहिल्या खुर्चीवर होती.

आणि लाइन गेली.

अध्यक्षांनी त्या दिवसापुरती लाइनची व्यवस्था केलेली होती, पण लाइन कुणाच्या व्यवस्थेत राहत नाही. ट्यूबलाइट विझल्या, पंखे थांबले, कूलर बंद पडला. शेजारची मिलही थांबली. त्या शांततेत एकोणीस कीबोर्डांची टकटक तेवढी ऐकू येत होती.

मॅडम जागीच उभ्या राहिल्या. “वीस कॉम्प्युटर चालू आहेत,” त्या म्हणाल्या, “आणि एकाचाही पंखा वाजत नाही?” त्यांनी जवळच्या पेटीवर तळहात ठेवला. “आणि थंडगार. सर, हे काय?”

सरांनी अध्यक्षांकडे पाहिलं. दिलेला शब्द ते पाळत होते.

“कूलर आहे ना मॅडम,” अध्यक्ष म्हणाले. “अच्छा कूलर आहे.”

मॅडमनी बंद कूलरकडे पाहिलं. मग सुजाताकडे वळल्या. “बाळ, तुझा कॉम्प्युटर कुठला?”

आता एक गोष्ट सांगायला हवी. विद्यार्थ्यांना काही पढवून ठेवावं हे अध्यक्षांना सुचलंच नव्हतं. त्यांच्या हिशेबी विद्यार्थी हेही समितीला दाखवण्याच्या सामानातच मोडत होते, आणि सामानाला कुणी प्रश्न विचारत नाही. सुजातानं सरांकडे पाहिलं. सर थांबलेल्या पंख्याची पाती पाहत होते.

ती उभी राहिली. “मॅडम, माझा नाही. कोनाचाच नाही. कॉम्प्युटर एकच आहे, तो तिकडच्या खोलीत. आमी इथं बसून त्याच्यावर काम करतो.”

“मग ही पेटी?”

“ही रिकामी आहे मॅडम. परवा आणली.”

सफारीवाल्यांचं पेन रकान्यावरून उचललं गेलं. अध्यक्षांनी पाणी मागितलं, ते कुणी आणलं नाही.

“एकच?” मॅडम म्हणाल्या. “मग वीसजण कसे?”

“दाखवते ना.” सुजातानं अर्धवट टाइप केलेलं पत्र तसंच सोडलं, रांगेच्या दुसऱ्या टोकाला गेली, व्यापाऱ्याच्या मुलाला म्हणाली, “उठ रे जरा,” तिथं आपलं नाव टाकलं, आणि पत्र पडद्यावर आलं. ज्या शब्दावर सोडलं होतं त्याच शब्दावर. मॅडमनी तिला आणखी दोन खुर्च्यांवर बसवलं. पत्र तिच्यामागे फिरत राहिलं. शेवटी मॅडमनी स्वतः एका रिकाम्या खुर्चीवर बसून चार ओळी टाइप केल्या, दुसऱ्या खुर्चीवर जाऊन त्या पाहिल्या, आणि कसल्याशा आनंदानं सफारीवाल्यांना हाक मारली. ते आले नाहीत. एक या आकड्याचं काय करायचं, हे त्यांना सुचत नव्हतं.

सर्व्हरच्या खोलीच्या दाराशी मॅडमनी चपला काढल्या. “सर, हा बंद पडला तर?”

सरांनी पुन्हा अध्यक्षांकडे पाहिलं.

“अब बोलो भी!” अध्यक्ष ओरडले.

“तं आमी सगळे बंद,” सर म्हणाले. “एकदा पडला होता. किती दिवस वो सुजाता?”

“तीन दिवस, सर.”

“तीन दिवस. भुसा अन् लाइन, दोन्हीपासून वाचाचं तं दुसरा रस्ता नव्हता, मॅडम. पर हा बसला तं सगळे बसते, हे खरं आहे. आमी शिकवतो ते पोरायले.”

समिती जेवली आणि गेली. पुढचे तीन आठवडे अध्यक्ष सरांशी बोलले नाहीत. सरांना याचा त्रास झाला असेल तर तो त्यांनी काकूंकडे पाठवून दिला असावा.

अहवाल आला तो अध्यक्षांनी कार्यालयात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला घेतला, कारण मोठ्यानं वाचण्याची त्यांना सवय होती. ‘संगणकांची संख्या: एक.’ इथं आवाज पडला. ‘त्यावर एकाच वेळी काम करू शकणारे विद्यार्थी: वीस. पुरेसे.’ इथं थोडा चढला. ‘चालू तुकडीसाठी मान्यता देण्यात येत आहे. पुढील तुकडीबाबत फेरविचार.’ मग अट होती, एकच, आणि ती त्यांनी मनातल्या मनात वाचून कागद टेबलावर ठेवला. मी नंतर पाहिली. ‘प्रयोगशाळेतील वीस रिकाम्या पेट्या आठ दिवसांत हटवाव्यात.’

त्याच दुपारी परीक्षेचे एकोणीस फॉर्म भरायला घेतले. सुजाता आपला फॉर्म घेऊन सरांच्या टेबलापाशी आली. ती तीन आठवडे एक प्रश्न पोटात घेऊन फिरत होती.

“सर, मी बोलली ते चुकलं का? मान्यता गेली असती तं सगळ्यायचं वर्ष माह्यामुळं गेलं असतं.”

“गप्प राहाचं कबूल मी केलं होतं,” सर म्हणाले. “तू कुठं केलं होतं? म्हणून तं सकाळी तुले दारापाशी बसवलं.”

सरांनी फॉर्म तिच्याकडे सरकवला.

“आता सही रकान्याच्या आत कर. बाहेर गेली तं फॉर्म वापस येते.”